सेटवरून फोटोग्राफीत यायचंय? मग आधी हे वाचा

माझा पहिला पैसे घेऊन केलेला पोर्ट्रेट शूट. समोर एक अ‍ॅक्टर, ज्याचा फोकस मी आधीचे नऊ महिने सेटवर फोकस पुलर म्हणून रोज खेचत होतो (तो हलला तरी शार्प दिसेल असं लेन्सवर सांभाळायचं), म्हणजे ओळख वगैरे सगळं होतं. लाइट लावून झाला, कॅमेरा हातात आला, तो मार्कवर जाऊन उभा राहिला आणि मग दोघंही गप्प. तो माझ्याकडे बघतोय, मी व्ह्यूफाइंडरमधून त्याच्याकडे बघतोय, आणि खोटं कशाला बोलू, कोणीतरी मागून 'अ‍ॅक्शन' म्हणेल याची मी वाट बघत होतो. शेवटी तोच म्हणाला, "दादा, मी नक्की काय करू ते सांग ना."

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. कॅमेरा, लेन्स, लाइट हे सगळं मला येत होतं, पण इतकी वर्षं दुसऱ्या कोणीतरी बोलावलं की यायचं, सांगितलं की चालू करायचं, कट म्हटलं की थांबायचं असंच काम केलेलं. फोटोग्राफीत बोलावणारा पण तुम्हीच, सांगणारा पण तुम्हीच आणि कट म्हणणारा पण तुम्हीच. फिल्म-टीव्हीतून इकडे येताना अवघड जातं ते हे, बाकीचं शिकता येतं. खाली जे लिहितोय ते याच अनुभवातून आहे, सगळं सगळ्यांना लागू होईलच असं नाही.

तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटमधून येताय

हे आधी बघा, कारण प्रत्येकाचं भांडवल वेगळं असतं आणि खड्डा पण वेगळा. लाइटवाले, गॅफर, लाइटमन यांच्याकडे माझ्या मते सगळ्यात भारी भांडवल असतं, कारण फोटोग्राफी शिकलेली मुलं वर्षानुवर्षं जे शिकायला धडपडतात (लाइट कुठून येतोय, किती मऊ आहे, सावली कुठे पडतेय, कटर म्हणजे उजेड अडवायचा काळा बोर्ड कुठे लावला की भिंत काळी होईल) ते यांना झोपेत येतं. यांचा खड्डा एवढाच की फ्रेमकडे बघायची सवय नसते, लाइट सुंदर आणि फोटो रिकामा असं होतं.

कॅमेरा असिस्टंट म्हणजे माझी जात. लेन्सची ओळख, शिस्त, न चुकता काम करायची सवय हे सगळं आहे, पण निर्णय कधी घेतलेला नसतो, फ्रेम डीओपीची (म्हणजे सिनेमॅटोग्राफरची), लाइट डीओपीचा, आपण फक्त शार्प ठेवायचं. आर्ट आणि प्रॉपवाल्यांनी प्रॉडक्ट आणि स्टिल लाइफकडे जावं, टेबलावर चार वस्तू कशा मांडायच्या हे त्यांना शिकवायला लागत नाही. मेकअप, कॉस्च्युमवाले ब्यूटी आणि फॅशनमध्ये, कारण कॉलर वाकडी आहे हे बाकीच्यांना नंतर कॉम्प्युटरवर दिसतं आणि यांना आधीच दिसतं. एडिटरांना सिलेक्शन येतं, पाचशे फोटोंतून बारा काढणं आणि ते बारा एका क्रमाने लावणं हे फार मोठं कसब आहे, फोटोस्टोरी किंवा डॉक्युमेंटरी करणाऱ्याला तेच लागतं. एडी म्हणजे असिस्टंट डायरेक्टर लोकांना माणसं हाकता येतात, वेळ पाळता येते, समारंभाचे किंवा मोठ्या ग्रुपचे फोटो असले की हे लोक राजे. आणि प्रॉडक्शनवाले, ज्यांना सगळे म्हणतात की तुला काय कळतं कॅमेऱ्यातलं, त्यांना बजेट करता येतं आणि वसुली करता येते, त्यामुळे धंद्यात तेच टिकतात असं मी बघितलंय.

डीआयटी (सेटवर कॅमेऱ्याचा डेटा आणि रंग सांभाळणारे) असाल तर तुमच्यासाठी एक तयार दार आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

हाताच्या सवयी मोडायच्या

सगळ्यात पहिली सवय शटरची. व्हिडिओत आपण १८० डिग्री शटरवर वाढलेलो असतो, म्हणजे शटर एका फ्रेमच्या निम्म्या वेळेपुरतं उघडं, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५० सेकंद, २४ ला १/४८, आणि तो आकडा वर्षानुवर्षं हलत नाही. हलणाऱ्या माणसाची ती थोडीशी पुसट रेघच व्हिडिओत बरी दिसते. फोटोत ती रेघ म्हणजे फोटो गेला. मी पहिल्याच एका कार्यक्रमाचे फोटो १/५० वर काढले होते, सवयीने, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) कमी ठेवला म्हणून स्वतःवर खूश होतो, मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळं मस्त दिसत होतं आणि घरी येऊन मोठं करून बघितलं तर निम्म्या लोकांचे हात पुसलेले आणि डोळे मऊ. आता उभ्या माणसाला निदान १/२००, चालणाऱ्याला १/५००, आणि हातात कॅमेरा असेल तर लेन्सच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे ८५ ची लेन्स असेल तर साधारण १/१७० च्या खाली जायचं नाही. आयएसओ वाढला तर वाढू दे, ग्रेन माफ होतो, हललेला फोटो माफ होत नाही.

मग फ्लॅश. सेटवरच्या माणसाला फ्लॅशची भीती वाटते कारण तो आधी दिसत नाही. आपण काय करतो, लाइट लावतो, डोळ्याने बघतो, मॉनिटरवर बघतो, थोडा कापतो, स्किमर म्हणजे उजेड मऊ करणारं कापड लावतो. फ्लॅश चमकतो आणि संपतो, बघायला काही राहतच नाही. माझ्यासारखे बरेच जण म्हणून पहिलं वर्षभर एलईडी पॅनलवरच फोटो काढतात आणि मग तक्रार करतात की आयएसओ वर जातो, समोरचा माणूस डोळे बारीक करतो, उन्हात तर पॅनलचा उजेड दिसतच नाही. ते होणारच, कारण फ्लॅश तेवढाच प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागात वगैरे सगळा एकदम ओततो, पॅनलला ते कसं जमणार.

फ्लॅश समजून घ्यायला एक गोष्ट डोक्यात पक्की करा: एका फोटोत दोन एक्स्पोजर असतात. एक आजूबाजूच्या प्रकाशाचं आणि एक फ्लॅशचं. फ्लॅश इतका पटकन होऊन जातो की शटर १/६० असो नाहीतर १/२००, त्याला फरक पडत नाही, त्याचा ताबा अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फ्लॅशच्या पॉवरकडे. शटरने फक्त आजूबाजूचा प्रकाश कमीजास्त होतो. म्हणजे खिडकीबाहेरचं आकाश जास्त पांढरं येतंय तर शटर वाढवा, आकाश खाली येईल आणि चेहरा आहे तिथेच राहील. हे एकदा हाताला कळलं की सेटवर डीओपी जे अर्धा तास न्यूट्रल डेन्सिटी जेल (उजेड कमी करणारी राखाडी फिल्म) खिडकीला लावून करतो ते तुम्ही एका डायलने करता. मला तर जादूच वाटली होती.

पण शटर कुठपर्यंत वाढवायचं याला हद्द आहे. दुसऱ्या पोर्ट्रेटला मी हुशारी करून १/५०० ठेवला आणि प्रत्येक फोटोत खालचा निम्मा भाग काळाकुट्ट. मला वाटलं कटर फ्रेममध्ये येतोय, मी कटर हलवला, स्टँड हलवला, सॉफ्टबॉक्स सरकवला, समोरचा बिचारा शांतपणे बघतोय. दहा मिनिटांनी कळलं की तो शटरचाच पडदा. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशबरोबर १/१६० ते १/२५० च्या पुढे गेलं की शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात, मधल्या फटीतून जेवढं दिसलं तेवढ्यालाच फ्लॅश लागतो. या हद्दीला सिंक स्पीड म्हणतात, तुमच्या कॅमेऱ्याचा किती ते मॅन्युअलमध्ये बघून कॅमेऱ्याला टेप लावून त्यावर लिहून ठेवा, आपल्याला टेपवर लिहायची सवय आहेच. हाय स्पीड सिंक नावाची सोय असते, पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच जाते.

बाकी लाइटचं गणित तेच आहे, अंतर दुप्पट केलं की प्रकाश पाव होतो म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), मोठा सोर्स जवळ आणला की मऊ, थर्माकोल लावला की सावली उचलते. फ्लॅशचा रंग साधारण ५५०० केल्विनच्या आसपास, त्यामुळे मागे ३२०० चे पिवळे दिवे ठेवायचे असतील तर फ्लॅशला सीटीओ म्हणजे नारिंगी जेल लावा, जेल तुमच्या बॅगेत सापडतीलच.

फ्लिकर, म्हणजे दिव्याची डोळ्याला न दिसणारी लुकलुक, माहीत आहेच तुम्हाला. फक्त फोटोत सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावून एलईडीखाली काढाल तर पट्टे येतात, ५० हर्ट्झची वीज असेल तिथे दिवा सेकंदाला १०० वेळा धडधडतो, म्हणून १/५० किंवा १/१०० वर पट्टे जातात. शंका असेल तर मेकॅनिकल शटर.

अजून एक सवय, आडवी फ्रेम. आपण सगळे १६:९ मध्ये विचार करतो. फोटोचं गिऱ्हाईक उभं मागतं, मोबाइलवर ४:५ मागतं, पोस्टरला वर नाव टाकायला जागा मागतं. पहिले दोन महिने मुद्दाम कॅमेरा उभाच धरा, मान दुखेल पण डोळा वळेल.

आणि 'व्हिडिओतूनच फ्रेम काढून देतो ना' हे म्हणायच्या आधी हिशोब करा. फोर-के ची एक फ्रेम म्हणजे ३८४० बाय २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल. त्यातून उभा ४:५ कापला की उरतात १७२८ बाय २१६०, म्हणजे ३७ लाख. ए-थ्री कागदावर ३०० डीपीआयने नीट छापायचं तर १ कोटी ७४ लाख लागतात. वर ती फ्रेम कॉम्प्रेस झालेली, १/५० वर हललेली. मोबाइलवर टाकायला चालेल, छापायला नाही. कॅमेरा जास्त रिझोल्यूशनचा असेल तर आकडे सुधारतात, हललेलं मात्र तसंच राहतं.

एक फ्रेम

शॉटला पुढचं-मागचं असतं. बाई दारातून येते, थांबते, बघते, आणि त्या बघण्यात अर्थ येतो कारण ती आलेली आपण बघितलीय. फोटोत ती नुसती उभी आहे. येणं, थांबणं, सगळं त्या एका उभं राहण्यात दिसलं पाहिजे, खांद्यात, बोटांत, दार किती उघडं आहे त्यात. सेटवरची माणसं सुरुवातीला जे फोटो काढतात ते बघा, छान उजेड, छान रंग आणि वाटतं की पुढे काहीतरी होणार आहे, पण होत काहीच नाही. माझे पण तसेच होते. एका जुन्या फोटोग्राफरने माझे वीस फोटो बघून एवढंच विचारलं, "हे सगळे कशाची वाट बघतायत?"

यावर मी जो व्यायाम केला तो सांगतो. एक माणूस, एक लाइट, एक लेन्स आणि ३६ फोटो. सदतिसावा काढायचा नाही. बर्स्ट (बटण दाबून धरलं की भराभर फोटो) बंद. मग त्यातला एकच ठेवायचा, बाकीचे ३५ एका फोल्डरमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी परत बघायचं की बरोबर ठेवला का. आठवड्याला एकदा असं दहा आठवडे. पहिल्या तीन आठवड्यांत रडायला येतं, कारण कळतं की आपण बटण कधी दाबायचं हे कधी ठरवलेलंच नाही, आपण नेहमी सगळं रोल करून ठेवलं आणि निवडायचं काम एडिटवर सोडलं.

३६ का, तर फिल्मच्या रोलमध्ये तेवढे असायचे. आणि तो रोल मुळात आपल्याच घरचा बरं का. ऑस्कर बार्नाक नावाच्या माणसाने १९१३ च्या सुमारास सिनेमाची ३५ एमएम फिल्म छोट्या कॅमेऱ्यात आडवी घातली, सिनेमाची फ्रेम १८ बाय २४ मिलिमीटर होती ती दुप्पट करून २४ बाय ३६ केली, आणि १९२५ मध्ये तो कॅमेरा लायका म्हणून बाजारात आला. आज ज्याला सगळे फुल फ्रेम म्हणतात ते माप तिथलं. म्हणजे सिनेमातून फोटोकडे आधी फिल्म आली, मग आपण. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आधी फोटो काढायचा, मग १९३० च्या दशकात दिग्दर्शक ज्याँ रेन्वारचा असिस्टंट म्हणून सिनेमात काम केलं आणि परत फोटोकडे आला, १९४७ मध्ये मॅग्नम ही फोटोग्राफरांची संस्था उभी करणाऱ्यांत तो होता. स्टॅन्ली कुब्रिक उलट्या वाटेने गेला, आधी लुक मासिकाचा फोटोग्राफर आणि नंतर सिनेमा. त्यामुळे कोणी 'लाइन सोडली' वगैरे म्हटलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या, येणंजाणं कायमचं आहे.

माणसाशी बोलायचं कसं

अ‍ॅक्टरला डायरेक्टर सीन देतो. तुमच्यासमोर साधा माणूस असेल, डॉक्टर, दुकानदार, कंपनीतला मॅनेजर, आणि तो कॅमेऱ्यासमोर आला की त्याला स्वतःचे हात कुठे ठेवायचे ते आठवत नाही. 'रिलॅक्स व्हा' म्हटलं की तो अजून ताठतो. 'स्माइल' म्हटलं की दात दिसतात, हसू दिसत नाही.

काम द्या. वजन मागच्या पायावर टाका. हनुवटी आधी पुढे आणा आणि मग जरा खाली (हे करताना त्याला विचित्र वाटतं, फोटोत गळ्याखालची दुसरी हनुवटी जाते). हातात काहीतरी द्या, चष्मा, पेन, त्याच्या कामातलं एखादं अवजार, आणि म्हणा की हे पुसा जरा. डोळे मिटा, मी सांगेन तेव्हा उघडा. उघडल्या उघडल्या दोन सेकंद जो चेहरा असतो तो घ्या. आणि सगळ्यात जुनी युक्ती म्हणजे 'झालं, थँक्यू' म्हणायचं आणि कॅमेरा खाली करायचा नाही, खांदे पडतात, श्वास सुटतो, माणूस तेव्हा माणूस दिसतो. ही युक्ती एका माणसावर एकदाच चालते.

आणि मधे मधे बोलत राहा. फोकस पुलरला गप्प राहायची इतकी सवय असते की समोरच्याला वाटतं फोटो वाईट येतायत. मी सुरुवातीला अक्षरशः कागदावर दहा वाक्यं लिहून लाइट स्टँडला चिकटवली होती.

पहिलं काम कुठून येणार

सगळे म्हणतात युनिट स्टिल्स (शूटिंग चालू असताना सेटवर काढायचे फोटो) कर, तू सेटवरचाच आहेस. करा, पण डोळे उघडे ठेवून. फायदे आहेत, तुम्हाला सेटचं वागणं येतं, अ‍ॅक्टरच्या नजरेच्या रेषेत उभं राहायचं नाही, साउंडला त्रास द्यायचा नाही, रिहर्सलला काढायचं, कॅमेऱ्याच्या शेजारी चिकटून त्याच अँगलने काढायचं, आणि एखादी फ्रेम हवीच असेल तर कट झाल्यावर फर्स्ट एडीला हळूच विचारायचं की तीस सेकंद मिळतील का. नवीन स्टिल फोटोग्राफरला हे कळायला चार शिव्या खाव्या लागतात. पूर्वी शटरचा आवाज येऊ नये म्हणून कॅमेरा ब्लिंप नावाच्या डब्यात घालायचे, आता सायलेंट शटरने ते दुखणं गेलं.

पण तो लाइट तुमचा नाही, ती फ्रेम बऱ्याच अंशी डीओपीची आहे, आणि करारात बहुतेक वेळा फोटोंचे हक्क प्रॉडक्शनकडे जातात, रिलीज होईपर्यंत ते तुम्ही कोणाला दाखवू पण शकत नाही. म्हणजे दोन वर्षं युनिट स्टिल्स केले आणि हातात स्वतःचं म्हणून दाखवायला काही नाही असं होऊ शकतं. माझं मत, एक-दोन प्रोजेक्ट करा, हात साफ करा, त्यावर थांबू नका.

माझ्या मते खरं पहिलं काम म्हणजे अ‍ॅक्टरचे हेडशॉट. तुमच्या फोनमध्ये शंभर अ‍ॅक्टरचे नंबर आहेत, त्यांना दर वर्ष-दोन वर्षांनी नवीन फोटो लागतात, ते तुमच्यासमोर मोकळे आहेत, आणि कास्टिंगवाले काय बघतात हे तुम्हाला माहीत आहे: माणूस फोटोतल्यासारखाच दिसला पाहिजे. जास्त रिटच केलेला हेडशॉट घेऊन अ‍ॅक्टर ऑडिशनला गेला तर नाव तुमचं खराब. नुसते अ‍ॅक्टरच नाही, डायरेक्टर, रायटर, म्युझिकवाले सगळ्यांना पोर्ट्रेट लागतात, फक्त कोणी मागत नाही कारण कोणी विचारत नाही.

डीआयटींसाठी जे दार म्हटलं ते म्हणजे डिजिटल टेक. मोठ्या फोटोशूटवर कॅमेरा वायरने लॅपटॉपला जोडलेला असतो, कॅप्चर वन वगैरे सॉफ्टवेअरमध्ये फोटो पडतो, आणि तिथे एक माणूस बसलेला असतो जो फोकस तपासतो, रंग लावतो, बॅकअप घेतो, क्लायंटला काय दाखवायचं ते बघतो. हे तुमचंच काम आहे, फक्त क्लिप्सच्या ऐवजी रॉ फाइल. दिवसाचे पैसे मिळतात आणि चांगल्या फोटोग्राफरच्या खांद्याशेजारी बसायला मिळतं, यापेक्षा चांगली शाळा नाही. लाइटवाल्यांनी तसंच लाइटिंग असिस्टंट म्हणून जावं. इगो दुखतो, मान्य आहे, सेटवर तुमच्या हाताखाली सहा जण असतात आणि इथे तुम्ही पंचविशीतल्या फोटोग्राफरचा सॉफ्टबॉक्स धरून उभे. सहा महिन्यांचा प्रश्न आहे.

पोर्टफोलिओ

शोरील नाही, पोर्टफोलिओ. शोरील म्हणजे आपल्या शॉट्सचा छोटा व्हिडिओ, त्यात म्युझिक असतं, ते कमजोर शॉट झाकतं. इथे पंधरा-वीस फोटो, त्यातला सगळ्यात वाईट फोटो जेवढा वाईट तेवढे तुम्ही वाईट. सेटवर दुसऱ्याने केलेल्या लाइटमध्ये काढलेला फोटो टाकायचाच झाला तर डीओपीचं नाव द्या, नाही दिलं तरी कळतंच, ही लाइन फार छोटी आहे.

आणि एकच प्रकार. पोर्ट्रेट, प्रॉडक्ट, निसर्ग, पक्षी, सगळं थोडं थोडं टाकलं की बघणाऱ्याला कळत नाही तुम्हाला कशासाठी बोलवायचं. मी तर सुरुवातीला सूर्यास्त पण टाकला होता, का ते विचारू नका.

स्वतःच्या खर्चाने एक छोटी सिरीज करा. सेटवरची जी माणसं कधी कॅमेऱ्यात येत नाहीत त्यांचे पोर्ट्रेट, शिफ्ट संपल्यावर, एकाच बॅकग्राउंडवर. माझ्या अशा सिरीजमध्ये एका बूममनचा (माइकचा लांब दांडा धरणारा) फोटो आहे, हात वर धरून धरून एक खांदा दुसऱ्यापेक्षा उंच झालेला. त्या एका फोटोवर मला जेवढी कामं आली तेवढी बाकी सगळ्या पोर्टफोलिओवर नाही आली. फोटो काढताना प्रत्येकाची लेखी परवानगी घ्या, मॉडेल रिलीज म्हणतात त्याला, एक पानाचा कागद असतो, नंतर मागायला गेलं की माणसं सापडत नाहीत.

पैसे

इथे आपण लोक मार खातो. सेटवर दिवसाचा रेट ठरलेला, ओव्हरटाइम ठरलेला, आणि पॅकअप झाला की काम संपलं. फोटोग्राफीत पॅकअपनंतर निम्मं काम सुरू होतं. माझा एक दिवसाचा पोर्ट्रेट शूट म्हणजे अर्धा दिवस बोलणी आणि लोकेशन, एक दिवस शूट, अर्धा दिवस सिलेक्शन, एक दिवस रिटच, आणि मग 'एक छोटासा बदल' चे तीन मेल. म्हणजे तीन दिवस. सेटवरचा एका दिवसाचा रेट सांगून मी पहिलं वर्ष तिप्पट काम केलं आणि वर वाटत होतं की धंदा चांगला चाललाय.

आता कोटेशनमध्ये मी वेगवेगळं लिहितो: शूटचे दिवस, आधीची तयारी, किती फोटो रिटच करून मिळणार आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक फोटोला किती, किती वेळा बदल करून मिळणार, भाड्याचं सामान, असिस्टंट, आणि वापर. वापर हा शब्द सेटवाल्यांना नवीन असतो. फोटो कुठे वापरणार (नुसतं सोशल मीडिया, की छापील जाहिरात, की होर्डिंग), किती काळ, कुठल्या भागात, आणि दुसऱ्या कोणाला देता येणार नाही अशी अट आहे का, या चार गोष्टींवर किंमत बदलते. तोच फोटो वेबसाइटवर सहा महिने आणि होर्डिंगवर पाच वर्षं, एकाच भावाला कसा देणार. हक्काचे नियम देशागणिक आणि करारागणिक वेगळे आहेत, त्यामुळे जे ठरेल ते कागदावर हवं, पहिल्या दोन-तीन करारांना वकिलाला दाखवा.

निम्मे पैसे शूटच्या आधी. हे मागताना माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, ताकाला जाऊन भांडं लपवायची आपली सवय. मग मी मागणंच बंद केलं आणि कोटेशनच्या शेवटी छापून टाकलं: 'अ‍ॅडव्हान्स जमा झाल्यावर तारीख पक्की होईल.' कोणी काही बोललं नाही. एकाने दिले नाहीत, त्याचा शूट मी केला नाही, नंतर कळलं की ज्याने केला त्याचे अजून यायचे आहेत.

फाइलींचं तुम्हाला सांगायला नको, तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, एक घराबाहेर. कार्ड फॉरमॅट करायचं ते बॅकअप तपासल्यावरच.

सामान विकत घ्यायची घाई नको. एक बॉडी, एक ८५ नाहीतर ५०, एक बॅटरीवाला फ्लॅश, एक मोठा सॉफ्टबॉक्स, एक स्टँड. बाकी भाड्याने, आणि भाडं क्लायंटच्या बिलात. सिने लेन्स आहेत म्हणून फोटोला वापरू नका, हाताने फोकस करत बसाल आणि क्षण निघून जाईल. 

नोकरी, शिफ्ट, सिरीयल कधी सोडायची

एकदम सोडू नका. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलेले दोघं-तिघं मी बघितलेत, त्यातला एक परत सेटवर आला तेव्हा त्याची जागा भरलेली होती. मी असं केलं: पहिलं वर्ष डेली सोपचे लांब शेड्यूल घेणं बंद केलं, कारण तिथे महिन्याचे पंचवीस दिवस जातात आणि कोणी फोटोला विचारलं तर तारीखच नसते. त्याऐवजी जाहिराती, छोटे तीन-चार दिवसांचे प्रोजेक्ट. महिन्याचे ठरावीक दिवस फोटोसाठी कोरे, काम असो नसो, काम नसेल तर ३६ चा व्यायाम. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत सेटचा कॅलेंडर पूर्ण रिकामा केला नाही. आणि आकडा असा ठरवला होता की सलग चार महिने फोटोतून सेटच्या निदान साठ टक्के आले तर पुढचं पाऊल. पहिल्यांदा तीन महिन्यांवर गाडी अडकली, मग परत शून्यापासून मोजलं.

जुन्या लोकांना सांगा मात्र नीट. 'मी आता फोटोग्राफर झालो' असं स्टेटस टाकून गायब झालात तर फोन पण बंद होतात आणि काम पण. मी लाइन प्रोड्यूसरना एकेकाला फोन करून सांगितलं की अमुक तारखेनंतर लांबचं शेड्यूल घेत नाहीये, छोटं असेल तर विचारा, आणि पब्लिसिटीचे फोटो लागले तर आधी मला सांगा. आणि एखाद्या दिवशी नाही म्हणायचं असेल तर त्याच मिनिटाला म्हणायचं, बदली फोकस पुलरचा नंबर त्याच मेसेजमध्ये टाकायचा. गेल्या महिन्यात असाच नंबर पाठवला, संध्याकाळी त्याच लाइन प्रोड्यूसरचा परत मेसेज आला: "माणूस चांगला दिलास. पोस्टरचा शूट आहे, चार जण, एक दिवस. कोटेशन पाठव."